'मृतांचा', 'मृतांसाठी' की 'मृतांच्या वतीने' बाप्तिस्मा?

प्रश्न : अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन चर्चमध्ये जिवंत माणूस मृताच्या नावे बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून ख्रिस्ती करण्याचा संस्कार) घेतो. या विधीवरील धार्मिक आक्षेपांचा मराठीत अनुवाद करायचा आहे. वरच्या तीन रूपांपैकी नेमके कोणते? 'तर्पण' चालेल का?

प्रतिसाद १ : 'मृतांचा' टाळा. त्यातून प्रेतालाच पाण्यात बुडवतात असा अर्थ निघतो, आणि ती वेगळीच गोष्ट आहे. इ.स. ३९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेने प्रेताला बाप्तिस्मा देण्यास मनाई केली होती. मॉर्मन विधीत मंदिरातल्या बारा बैलांच्या मूर्तींवर पेललेल्या कुंडात जिवंत माणूस उतरतो. पुरुषासाठी पुरुष, स्त्रीसाठी स्त्री. मृताचे पूर्ण नाव घेऊन या जिवंत माणसाला एकदा पूर्ण बुडवतात. शब्द चुकले किंवा कपड्याचे टोक पाण्यावर राहिले, तर विधी पुन्हा करावा लागतो. दोन साक्षीदार त्यासाठीच असतात.

प्रतिसाद २ : बायबलमध्ये याचा उल्लेख एकदाच येतो, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (१ करिंथ १५:२९). तिथे 'साठी' योग्य. मॉर्मन चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८४० मध्ये अमेरिकेतील नॉवू इथे याच वचनाच्या आधारे ही शिकवण मांडली. आक्षेप घेणारे सर्वनामाकडे बोट दाखवतात: पौल 'ते' बाप्तिस्मा घेतात असे म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात 'आम्ही'वर येतो. म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी प्रथेचा दाखला देतो, आज्ञा करत नाही. अनुवादात हे 'ते' गाळून कर्मणी वाक्य केलेत, तर आक्षेपाचा आधारच जाईल.

प्रतिसाद ३ : खरी अडचण 'वतीने' या शब्दाची आहे. विधीच्या वाक्यात 'अमुकासाठी व अमुकाच्या वतीने' असे दोन्ही येते. मराठीत 'वतीने' म्हटले की अधिकार दिलेला असतो. वकील अशिलाच्या वतीने बोलतो. ज्यूंचा आक्षेप नेमका इथे आहे. जे ज्यू म्हणून मारले गेले, त्यांनी हा अधिकार कोणालाही दिला नव्हता. ज्यूंना सक्तीने दिलेल्या बाप्तिस्म्यांचा जुना इतिहासही त्यामागे आहे. चर्च आणि ज्यू संघटना यांच्यातील १९९५ च्या करारानंतर होलोकॉस्टमधील (नाझींनी केलेल्या ज्यू संहारातील) बळींची सुमारे ३,८०,००० नावे चर्चच्या नोंदींतून काढली गेली, तरी २०१२ मध्ये याच संहारात मरण पावलेल्या ॲन फ्रँकचे नाव पुन्हा आढळले. म्हणून विधीचे शब्द देताना 'वतीने' ठेवा, स्वतःच्या निवेदनात 'च्या नावे' लिहा.

'धर्मांतर' हा शब्दही जपून. चर्चचे म्हणणे असे की मृताचा आत्मा हा बाप्तिस्मा स्वीकारू किंवा नाकारू शकतो, आणि त्याचे नाव सभासदांच्या यादीत जात नाही. हा शब्द आक्षेप घेणाऱ्यांच्या तोंडी असेल, तर मात्र सौम्य करू नका.

प्रतिसाद ४ : कॅथलिक आक्षेप वेगळा लिहा. २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्माच अवैध ठरवला, कारण पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे शब्द तेच असले तरी त्रैक्याची (एका देवात तीन व्यक्ती या तत्त्वाची) समजूत निराळी. इथे 'अवैध'च हवा, 'बेकायदा' नव्हे. २००८ मध्ये, या विधीला हातभार लागू नये म्हणून, धर्मग्रामांच्या (स्थानिक चर्चच्या) नोंदवह्या मॉर्मन वंशावळी संस्थेला देऊ नयेत अशी व्हॅटिकनची सूचना निघाली. वसईच्या कॅथलिक वाचकांसाठी 'स्नानसंस्कार' अधिक ओळखीचा. प्रॉटेस्टंट मराठीत 'बाप्तिस्मा'.

प्रतिसाद ५ : 'तर्पण' नको. तीळपाणी देताना पितरांचे गोत्र आणि नाव जसेच्या तसे उच्चारतात. त्यांचा धर्म बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तो शब्द घातलात, तर मराठी वाचकाला हा आक्षेप कशासाठी आहे तेच कळणार नाही.