आठ वनस्पती नकोत, दोनच घ्या

कुणी कुणी सुचवतात की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आठ वनस्पतींचे अर्क घेऊन ते जिवाणूंवर तपासावेत, म्हणजे प्रबंध भरीव दिसतो. माझं मत नेमकं उलट आहे. दोनच वनस्पती घ्या, पण कंट्रोल्स (तुलनेसाठीच्या चाचण्या) चोख ठेवा.

अर्क मिथेनॉलमध्ये काढला असेल तर नुसत्या मिथेनॉलची डिस्कही (द्रव शोषलेली छोटी कागदी चकती) त्याच, जिवाणू पसरलेल्या प्लेटवर हवी. नाहीतर दिसतोय तो झोन (डिस्कभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) अर्काचा की द्रावकाचा, असं परीक्षकांनी विचारलं की त-त-प-प होतं. सोबत एक ओळखीचं अँटिबायोटिक. म्युलर-हिंटन अगारचा (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाचा) थर ४ मिमी जाड ओता. पातळ झाला तर झोन उगाच मोठे येतात. जिवाणूंचं सस्पेन्शन (द्रवात मिसळलेले जिवाणू) ०.५ मॅकफारलंडला, म्हणजे गढूळपणाच्या प्रमाणित मापाला, जुळवा आणि १५ मिनिटांत वापरा. डिस्क मुळातच ६ मिमीची असते, त्यामुळे '६ मिमीचा झोन' म्हणजे परिणाम शून्य. (अहवालात तो 'सौम्य परिणाम' म्हणून खपवणारेही असतात!)

आणि एकाच प्लेटवर तीन डिस्क ठेवल्या म्हणजे तीन स्वतंत्र रेप्लिकेट (प्रयोगाच्या पुनरावृत्त्या) झाले नाहीत. वेगळ्या दिवशी, नव्या कल्चरपासून पुन्हा करा, मग मोजा.

बाकी विषय अगदी नवा हवा का, यावर या पातळीला फार डोकं आपटू नका. मार्गदर्शकांकडे जिवाणूंचे कोणते स्ट्रेन (वाण) आणि कोणती रसायनं आत्ता हाताशी आहेत, ते आधी विचारा. मागवलेलं सामान येईपर्यंत निम्मं सेमिस्टर सरलेलं असतं.