आरोप आपल्या माणसावर आला तेव्हा पक्षाने काय केलं? कोकणातले अनुभव

सहा वर्षांपूर्वी एका पक्षाने मला तालुक्याच्या चौकशी समितीवर घेतलं. मी पक्षाची सभासद नव्हते. निवृत्त मुख्याध्यापिका, चार गावांत ओळख, एवढ्यावर बोलावणं आलं. तक्रार करणारी पंचायत समितीची सदस्या, वय तिशीच्या आत. आरोप तिच्याच पक्षाच्या जिल्हा पदाधिकाऱ्यावर. रात्री-अपरात्री फोन, घाणेरडे मेसेज, आणि ‘पुढचं तिकीट हवं असेल तर’ ही भाषा. समितीत आम्ही तिघं. एक मी. दुसरे त्या पदाधिकाऱ्याचे चिरेखाणीतले भागीदार. तिसरे त्याचे साडू. बैठक त्याच्याच बंगल्याच्या पडवीत ठेवली होती. चहा त्याच्या बायकोने आणून दिला. ती मुलगी कप हातात धरून बसली, शेवटपर्यंत प्यायली नाही.

मी तिथेच उठायला हवं होतं. उठले नाही. नंतर दोन पानांचं वेगळं मत लिहून दिलं. त्याचं काय झालं असं तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: “बाई, अहवाल वर पाठवलाय.” ती मुलगी पुढच्या निवडणुकीला उभी राहिली नाही. तो राहिला.

म्हणून हा धागा काढते आहे. कोकणात पक्ष म्हणजे नातं, वाडी, भावकी, धंदा सगळं एकात एक. आरोप झाला की कोण खरं यापेक्षा कोण कोणाचं हे आधी पाहिलं जातं. ज्यांनी तक्रार केली, ज्यांच्यावर आरोप आला, ज्यांनी चौकशी केली, सगळ्यांनी लिहा. पक्षाचं, माणसाचं, गावाचं नाव नको. आरोप पैशाचा असो वा वागणुकीचा, एकच सांगा: दुसऱ्या पक्षाच्या माणसाला जी मोजपट्टी लावली असती ती इथे लावली का?

सिंधुदुर्गातून, पक्षाची माजी महिला पदाधिकारी

माझी तक्रार माझ्याहून वरच्या पदावरच्या माणसाविरुद्ध होती. काय केलं ते इथे लिहीत नाही. अर्ज हाताने लिहिला आणि पोच घेतली. आमचे जिल्ह्याचे नेते, ज्यांना मी काका म्हणायचे, त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हणाले, “बाय गो, तुजा खरा असात. पण इलेक्शन तोंडार इला हा.”

मी थांबले. इलेक्शन झालं, मग दशावताराचा हंगाम झाला, मग गणपती झाले. दीड वर्षाने तो माणूस पक्ष सोडून समोरच्यांकडे गेला. तिसऱ्या दिवशी आमच्या पक्षाने पत्रकार परिषद घेतली आणि माझा अर्ज टेबलावर ठेवला. ‘अशा माणसाला त्यांनी घेतलं!’ अर्जावरचं माझं नाव झाकलं नव्हतं. मला विचारलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो माझ्या सासरच्या ग्रुपवर आला. आणि समोरच्या पक्षाने, ज्यांनी आदल्या वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात मोर्चा काढला होता, त्यांनी सांगितलं, ‘हे राजकीय सूडापोटी आहे.’

लोक विचारतात, कोणावर जास्त राग आहे. ज्याने त्रास दिला त्याच्यावर आहेच. पण तो अर्ज दीड वर्ष ज्यांच्या खिशात होता, त्यांना मी परत काका म्हटलेलं नाही.

वकील, रत्नागिरी जिल्हा

ताई, तुमचं नाव असं उघड करणं कायद्याच्या चौकशीत चाललं नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तक्रारदाराची, साक्षीदारांची आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचीही ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, समितीने चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

पण पक्षाच्या कार्यकर्तीला याचा आधार मिळत नाही. २०२२मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की पक्ष आणि सभासद यांच्यात मालक-नोकर असं नातं नाही, म्हणून पक्षांवर अशी समिती नेमण्याची सक्ती नाही. म्हणजे काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बाईला जे संरक्षण आहे, ते गावोगाव पक्षासाठी फिरणाऱ्या बाईला नाही. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. इतक्या बायका राजकारणात आणल्या आणि त्यांनी दाद कुठे मागायची ते ठरवलंच नाही. पोलीस आहेत, हो. पण प्रत्येक गोष्ट पोलिसांत नेण्याइतकं बळ प्रत्येकीकडे नसतं, आणि पक्षाने आपलं घर स्वच्छ ठेवायला पोलिसांची वाट का पाहावी? पक्ष स्वतःहून अशी समिती नेमू शकतो, त्याला कोणी अडवलेलं नाही. मी दोन पक्षांच्या जिल्हाध्यक्षांना मसुदा करून दिला. दोघांनी चांगला आहे म्हणून ठेवून घेतला. पुढे काही नाही.

उत्तर रत्नागिरी, माजी सरपंच

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आरोप माझ्यावर होता आणि तो खोटा होता. आधीच सांगतो, वर ज्या ताईंनी लिहिलंय त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझं झालं म्हणून त्यांचंही खोटं, असं कोणी म्हणू नये.

नळपाणी योजनेत केलेल्या कामापेक्षा जास्त बिल काढलं असा आरोप. मोजमाप पुस्तिकेत पाइपची लांबी जास्त लिहिली होती, पण ती लिहिणारा मी नव्हे. वाडीतल्या एकाने व्हिडिओ केला, दुपारी तो फिरला, रात्री साडेनऊला पक्षाच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘प्राथमिक सदस्यत्व रद्द.’ बावीस वर्षं पक्षात होतो. मला एक फोन नाही, एक नोटीस नाही. नंतर कळलं की माझ्या जागी कोणाला आणायचं ते आदल्या महिन्यातच ठरलं होतं.

आता सरकारी बाजू ऐका. ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ३९. गैरवर्तनासाठी सरपंचाला काढायचा अधिकार विभागीय आयुक्तांना, पण त्याआधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चौकशी करायची, नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं. मी जिल्हा परिषदेत पाच वेळा गेलो. बेलापूरला कोकण भवनात तीन वेळा, प्रत्येक वेळी रातराणीने. खर्च झाला, हाल झाले, चौदा महिने गेले. पण मला विचारलं गेलं. कागद मागितले, मी दिले, समोरच्याने दिले, दोघांना समोरासमोर बसवलं. ज्या कारभाराला आपण रोज नावं ठेवतो त्याने मला माणूस म्हणून ऐकून घेतलं, आणि ज्यांच्यासाठी मी भर पावसात बूथ सांभाळले त्यांनी नाही.

निर्दोष सुटलो. पक्षाने काहीच कळवलं नाही. पेपरात आरोपाची बातमी पहिल्या पानावर फोटोसकट होती, सुटल्याची आतल्या पानावर चार ओळी.

त्या मधल्या शिमग्याची गोष्ट सांगतो. आमच्या घराण्याकडे पालखीचा मान आहे. देवळात बैठक झाली तेव्हा एक जण हळूच म्हणाला, यंदा खांदा दुसऱ्या कोणी दिला तर बरं. कोणी विरोध केला नाही. मी घरी आलो. पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा आईने ओटी भरली आणि ती आत निघून गेली. पुढच्या वर्षी मान परत मिळाला, पण आई तेव्हा नव्हती.

पेपरचा तालुका बातमीदार, सव्वीस वर्षं

सरपंच, त्या चार ओळींबद्दल मला वाईट वाटतं. बातमी माझी नव्हती, पण अशा चार ओळी मीही लावल्या आहेत.

माझ्याकडे कात्रणांच्या फायली आहेत. सत्तेतला पक्ष म्हणतो ‘कायदा आपलं काम करेल’, विरोधातला म्हणतो ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा द्या’. पाच वर्षांनी खुर्च्या बदलल्या आणि तीच माणसं एकमेकांची वाक्यं बोलू लागली. दोन्ही कात्रणं मी एका कार्यक्रमात एका नेत्याला दाखवली. तो रागावला नाही, म्हणाला, “तेव्हाची परिस्थिती वेगळी होती.” परिस्थिती म्हणजे आरोपी कुठल्या बाजूचा, एवढंच वेगळं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२०मध्ये सांगितलं की लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारावर फौजदारी प्रकरणं असतील तर पक्षाने ती जाहीर करावीत, एका स्थानिक भाषेतल्या पेपरात छापावीत, आणि याच माणसाला का निवडलं, स्वच्छ माणूस का मिळाला नाही, त्याची कारणं द्यावीत. निवडून येण्याची क्षमता हे एकटं कारण चालणार नाही, असंही म्हटलं. आमच्याकडे आलेल्या जाहिराती मी नीट वाचल्या. कारणाच्या रकान्यात ‘समाजकार्याची आवड, जनतेत लोकप्रिय’. दोन वेगळे पक्ष, दोन वेगळे उमेदवार, मजकूर जवळजवळ एकच. गावात त्यावर कोणी चर्चा केलेली मला आठवत नाही.

रायगड, वय एकोणऐंशी

मी कुठल्या पक्षात नव्हतो. वडील होते, स्वातंत्र्याच्या आधीपासून. ते दोन गोष्टी सांगायचे.

पहिली १९५१ची. मुदगल नावाचे काँग्रेसचे खासदार, मुंबईच्या सराफा संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू मांडतात असा आरोप झाला. नेहरूंनी आपल्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध सभागृहाची समिती नेमायला लावली. समितीने मुदगलांना बाजू मांडू दिली, मग हकालपट्टीची शिफारस केली. मतदानाआधी त्यांनी राजीनामा दिला. वडील म्हणायचे, दोन्ही झालं बघ, ऐकून घेणंही झालं आणि पांघरूण न घालणंही.

दुसरी आपल्या चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावचे, कुलाब्याचे म्हणजे आताच्या रायगडचे खासदार, अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिलेले. १९५९मध्ये त्यांनी जाहीरपणे मागणी केली की मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी करायला एक स्वतंत्र, कायमचं न्यायमंडळ हवं, आणि असं मंडळ नेमलं तर काही प्रकरणं मी स्वतः समोर ठेवतो. नेहरूंनी ते मानलं नाही. तेच नेहरू. मुदगल साधे खासदार होते, ही गोष्ट थेट मंत्र्यांपर्यंत जाणार होती. वडिलांना हा फरक फार लागला होता. नेहरूंचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढला नाही, पण बोलताना आवाज उतरायचा.

आता माझं. जानेवारी १९८२. अंतुले साहेबांना मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. सिमेंटचं वाटप आणि साहेबांनी काढलेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध न्यायालयाला दिसला होता. मी तेव्हा पस्तिशीचा. आंबेतचा माणूस मुख्यमंत्री झाला याचा आम्हाला केवढा अभिमान होता ते आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. निकाल मी वाचला नाही. नाक्यावर भांडलो मात्र. ‘देशावरच्यांना कोकणातला माणूस खुपतो’ हे मी दहा जणांना सांगितलं. वडील म्हणाले, “निकाल वाच, मग बोल.” मी त्यांच्याशी दोन महिने बोललो नाही. अंतुले साहेबांवरचा फौजदारी खटला पुढे अनेक वर्षं चालला. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटलं की तो खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवल्याने आरोपीचे हक्क डावलले गेले. तेव्हा मी पुन्हा नाक्यावर गेलो, ‘बघा, मी म्हणत होतो’ म्हणायला. वाचला मी तोही नव्हता. कुलाब्याने त्यांना पुढे चार वेळा लोकसभेत पाठवलं. मी चारही वेळा मत दिलं.

साहेबांबद्दल मी इथे निवाडा देत नाही. मी स्वतःबद्दल सांगतोय. पक्ष पांघरूण घालतात म्हणून आपण चिडतो, पण माझ्यासारखे लोक ते पांघरूण धरून उभे असतात. बाई, तुमच्या पडवीत मी बसलो असतो तर चौथा मीच होतो.

(धागा काढणारी) काका, हे लिहिलंत, फार मोठी गोष्ट केलीत. कोणाकडे चांगला अनुभव असेल तर तोही हवा आहे.

बंदरावरून, मच्छीविक्रेती

माझा आहे. आमच्या मच्छीमार सोसायटीत डिझेल परताव्याच्या पैशातून एक जण कट घेतो अशी तक्रार झाली. तो एका पक्षाचा शहराध्यक्ष. त्या पक्षाच्या जिल्ह्याच्या बाई स्वतः आल्या. दोन दिवसांत त्याला सांगितलं, चौकशी होईपर्यंत पदावरून बाजूला हो, ही शिक्षा नाही. चौकशीला बाहेरच्या तालुक्यातले दोघं, त्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले. सोसायटीच्या हापिसात नाही, शाळेच्या वर्गात बसले. माझ्यासकट अकरा जणींना एकेकटीला विचारलं. त्याला आमचं म्हणणं लिहून दिलं आणि उत्तराला आठ दिवस दिले. तीन आठवड्यांत निकाल, सगळ्यांसमोर वाचून दाखवला. सात जणांचे पैसे घेतले हे सिद्ध, चार जणांचं सिद्ध नाही. पैसे परत करायचे आणि पाच वर्षं पद नाही.

त्या चारांत मी होते. माझे पैसे मिळाले नाहीत, कागद माझ्याकडे नव्हता. राग आला. पण बाईंनी का नाही ते मला बसवून समजावलं, कोणी मला खोटारडी म्हटलं नाही. तो आजही बंदरावर येतो, मी त्याला मच्छी देते, रोख घेऊन.

नाव नको, दक्षिण कोकण

मी आरोपीची मुलगी. बाबांनी ते केलं होतं. आईला माहीत होतं, मला माहीत होतं. पक्षाच्या समितीने ‘तथ्य आढळले नाही’ असं पत्र दिलं त्या दिवशी ओटीवर पेढे वाटले, फटाके लावले. मी माडीवर दार लावून बसले होते. सगळ्यांना वाटलं की त्यांनी आमचं घर वाचवलं. त्या पत्रानंतर बाबांनी कधीच कबूल केलं नाही, घरातही नाही. कागदच होता ना त्यांच्याकडे. चौकशी खरी झाली असती तर कदाचित एकदा तरी बोलले असते, असं मला वाटत राहतं. आता ते नाहीत.

जिने तक्रार केली ती बाई पूर्वी मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडे हळदीकुंकवाला यायची. गेल्या वर्षी आई तिच्याकडे गेली, मला बरोबर घेऊन. तिने दार उघडलं, आईकडे बराच वेळ पाहिलं आणि बसायला पाट दिला. कोणी काही बोललं नाही. निघताना आईने वाकून तिच्या पायाला हात लावला. आई तिच्याहून अठरा वर्षांनी मोठी आहे.