सायकलीला मागचं कॅरिअर: कुणी काय लावलं, काय फजिती झाली?

भुईकोट
मंडळी, डिसेंबरात सोलापूर, विजापूर, बदामी, हंपी असं सायकलवर जायचं चाललंय. सायकल हायब्रिड, अल्युमिनियमची फ्रेम, मागे डिस्क ब्रेक. आत्तापर्यंत पाठीवर सॅक टाकूनच अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग सगळं केलं, पण एप्रिलात नळदुर्गहून येताना पाठभर घामोळं उठलं आणि खांदे असे आखडले की दोन दिवस शर्टात हात घालायला बायकोची मदत. आता पाठीवर काही नको, मागे कॅरिअर आणि दोन बाजूंना दोन पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या बॅगा. दुकानात विचारलं तर "कुठलं पण घ्या की सर, सगळे चालतंय" एवढंच उत्तर. सीटच्या दांड्याला अडकवायचं घेऊ का फ्रेमला बोल्ट मारायचं, स्टील का अल्युमिनियम? कॅटलॉगमधलं नको, स्वतःचं काय झालं ते लिहा. फजिती असेल तर ती आधी.

हिप्परगेकर
फजिती पाहिजे ना, घ्या. मी सीटपोस्टवालं, म्हणजे सीटच्या दांड्याला अडकवायचं, घेतलं होतं, कारण दोन मिनिटांत लागतंय, पान्याचं पण काम नाही. त्याच्यावर ९ किलोची मर्यादा छापलेली, मी वाचली पण होती, पण तंबू, स्लीपिंग बॅग, दोन लिटर पाणी आणि आईनं दिलेली शेंगाचटणी असं करत करत किती झालं ते कुणी मोजलं. विजापूर रोडला टाकळीच्या अलीकडं, भीमेचा पूल अजून यायचाय, तेवढ्यात खर्र खर्र आवाज. बघतो तर कॅरिअर दांड्याभोवती फिरून डावीकडं कललेलं आणि बॅगेचा पट्टा स्पोकला घासतोय. सरळ केलं, आवळलं, चार किलोमीटरवर परत तेच. त्याला खालून पायच नसतात, सगळं वजन एका कड्यावर लटकतंय, खड्डा आला की ते कडं सरकणार. ऑफिसला डबा आणि रेनकोट न्यायला ठीक आहे. मी आता तेवढ्यालाच वापरतो.

लूमवाला
आपला धंदा यंत्रमागाच्या दुरुस्तीचा, वेल्डिंग मशीन घरचं, मग विकत कशाला घ्यायचं बे, म्हणून स्वतःच केलं. १० एमएमचा सळई घेतला, वाकवला, मारला वेल्डिंग. दिसायला एकदम झकास. वजन केलं तर २ किलो ८०० ग्रॅम!! १० एमएमची भरीव सळई मीटरला सहाशे ग्रॅमच्या वर बसते, आपल्याला साडेचार मीटर लागली, हिशोब तुम्हीच करा. बाहेर जी ट्युबस कंपनीसारखी स्टीलची कॅरिअर मिळतात ती पण १० एमएमचीच असतात पण पोकळ क्रोमोली (मजबूत मिश्र स्टील) नळीची, म्हणून पाऊण किलोच्या आत बसतात. हे आपल्याला नंतर कळलं. तरी वापरतोय, दोन वर्षं झाली, पंढरपूरला चार वेळा गेलो, हललं पण नाही. सायकल मोडेल पण कॅरिअर नाही मोडायचं. दुसरं करणार तर ८ एमएममध्ये करणार, मीटरला चारशे ग्रॅम पडतंय, आणि वरची फळी कमी करणार. एक सांगतो, बॅग आधी घ्या, मग नळी ठरवा. बॅगेचे हुक जाड नळीसाठी मोठे असतात, बारीक नळीवर खडखड करतात, म्हणून आत ८, १०, १२ चे प्लास्टिकचे तुकडे बसवायला येतात. ते तुकडे डब्यातच ठेवून लोक म्हणतात बॅग वाजते. मी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, आवाज बंद.

अर्धी चढण
माझं अल्युमिनियमचं मंगळवेढ्याच्या पुढं मोडलं. डावा पाय, खाली जिथं चपटं करून भोक पाडलेलं असतं ना, बरोबर तिथंच. गावात वेल्डिंगवाला होता, माणूस भला, हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, हे आपल्याकडं होत नाही दादा, ह्याला आर्गॉन गॅसचं वेल्डिंग पाहिजे. मग तंबूचा एक खुंटा मोडक्या पायाला लावून ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधला, हाड मोडल्यावर लावतात तसं, आणि सगळं जड सामान उजव्या बॅगेत टाकून वाकडातिकडा घरी आलो. स्टील असतं तर दहा मिनिटांत चिकटवून दिलं असतं. म्हणून माझं मत स्टील.

लूमवाला
@अर्धी चढण, बोल्ट ढिला होता का आधी?

अर्धी चढण
हो. म्हणजे, वरचा एक बोल्ट तर नव्हताच, कधी पडला माहीत नाही.

लूमवाला
मग अल्युमिनियमला कशाला शिव्या. तीन बोल्टवर हलत हलत गेलं की कुठलं पण तुटतंय, स्टील जरा उशिरा तुटतंय एवढंच.

सात रस्ता
भुईकोट दादा, तुमचं डिस्क आहे म्हणून लिहितो. मी नेहमीचं कॅरिअर आणलं, घरी आल्यावर कळलं की डावा पाय ब्रेकच्या कॅलिपरवर (डिस्कला चिमटा काढतो तो भाग) येतोय, बसतच नाही. ज्याच्याकडून बसवून घेतलं त्यानं काय केलं, मधे वॉशर घातले, एकावर एक पाच-सहा, आणि लांब बोल्ट मारून दिला. दिसायला घट्ट. पण पाय फ्रेमला टेकलेलाच नाही, सगळा भार त्या अधांतरी पाच एमएमच्या बोल्टवर, आणि तो प्रत्येक खड्ड्याला थोडा थोडा वाकणार. तुळजापूरचा घाट उतरताना टण्ण झालं. डोकं तुटून गेलं, उरलेला तुकडा फ्रेमच्या भोकात. घाम फुटला, कारण भोक गेलं तर फ्रेम गेली. नशीब म्हणजे ते भोक आरपार असतं, बोल्टचं टोक आतल्या बाजूनं दोन एमएम बाहेर आलं होतं, ते पकडीत धरून आतूनच फिरवत फिरवत काढलं, अर्धा तास गेला पण आटे वाचले. आता डिस्कसाठीचं वेगळं मिळतं ते लावलंय, त्याचा पायच बाहेर वाकवून कॅलिपरला वळसा घालून आणलेला असतो.

आणि हो, उजवीकडं उलटी गंमत. तिकडं बोल्ट लांब पडला की आत जाऊन सगळ्यात छोट्या गिअरला नाहीतर चेनला घासतो. स्टँडवर चढवून टॉप गिअरला हातानं पेडल फिरवून बघा, कट कट वाजलं की बोल्ट छोटा घ्या.

जुळे सोलापूरची ताई
सगळे बोल्टवरच बोलताय, मी पायाचं बोलते. मी पंचावन्नची, गुडघा थोडा कुरकुरतो. मिस्टरांनी हौसेनं कॅरिअरवर मोठी बॅग उभी बांधून दिली, छान दिसत होती, पण मला त्याच्यावरून पाय टाकून बसताच येईना. अक्कलकोटच्या वाटेवर चहाला थांबलो, निघताना पाय बॅगेत अडकला आणि मी सायकलसकट टपरीच्या बाकड्यावर. चहावाल्याच्या पोरानं धरलं म्हणून बरं. तेव्हापासून वर काही नाही, जे असेल ते बाजूच्या बॅगांत आणि खाली. तोल पण सांभाळतो, आधी उभं राहून पेडल मारलं की मागचं सगळं डुलायचं.

पण बाजूला लावल्यावर टाच बॅगेला लागायला लागली. माझी छोटी फ्रेम, मागचं चाक पेडलच्या जवळ. मग लांब पट्टीचं कॅरिअर घेतलं ज्याच्यावर बॅग मागं सरकवता येते. दुकानात जाताना बॅग घेऊन जा, सायकल घेऊन जा, रोजच्या चपला-बूट घालून जा आणि तिथंच पेडल उलटं फिरवून टाच लागते का बघा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

बाळ्याचा
कॅरिअरवर २५ किलो लिहिलंय म्हणून २५ भरू नका राव, त्यात बॅगेचं वजन पण धरायचं असतं. आणि माझं वजन ९२, कॅरिअरला काही झालं नाही पण मागच्या चाकाचे उजव्या बाजूचे स्पोक तीन तुटले. चाक ताणून घ्या आधी. बंजी दोरीचा हुक स्पोकात गेलेला पण बघितलाय, पट्टे वापरा.

भुईकोट
सगळ्यांचे आभार, लय कामाला आलं. परवा बॅग, सायकल, बूट सगळं घेऊनच दुकानात गेलो. फ्रेमला खाली दोन आणि वर दोन भोकं आहेत, खालच्या भोकांत रंग भरला होता, आधी हातानं बोल्ट फिरवून आटे मोकळे केले. डिस्कवालं अल्युमिनियमचं घेतलं, स्टीलचं घ्यायचं मनात होतं पण खिशानं नाही म्हटलं. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) लावलं, चार नंबरची ॲलन की (षटकोनी पाना) हँडलच्या पिशवीत, दोन जास्तीचे बोल्ट सीटखाली.

काल ट्रायल. दोन्हीकडं सहा-सहा किलो ज्वारी भरली आणि होटगी रोडनं जाऊन आलो, मुद्दाम खराब पट्ट्यातनं. टाच लागत नाही, आवाज नाही. घरी येऊन चारही बोल्ट तपासले तर वरचा उजवा पाव फेरा आणखी आवळला गेला, म्हणजे पहिल्या दिवशी संध्याकाळी विजापुरात परत बघायला लागणार. ज्वारीच्या वर एका डब्यात कडक भाकरी ठेवली होती सहज म्हणून, तिचा पार चुरा झाला. चटणी आणि दही घालून कालवून खाल्ला.

जुळे सोलापूरची ताई
भाकरी हँडलच्या पिशवीत ठेवा.