पंचायतीपर्यंत फायबर आलंय, घरापर्यंतचा खर्च कोणाचा?

डभोईची_वहिनी

नमस्कार. आम्ही मूळचे बडोद्यातल्या दांडिया बाजारातले. सासऱ्यांनी डभोई तालुक्यात घेतलेल्या शेतावर आता कायमचे राहायला आलोय. मी बडोद्यातल्या काही दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न घरून भरते. ११ आणि २० तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, कारण इथे मोबाइलला टॉवरची जेमतेम एक दांडी. ओटीपी येतो तोवर पोर्टल लॉगआउट झालेलं असतं.

पंचायतीच्या खोलीत फायबरची पेटी आहे, ई-ग्रामवाला मुलगा त्यावरच दाखले काढून देतो. तिथून आमचं घर ७०० मीटर, मध्ये कालवा. गावातल्या इंटरनेटला सरकार अनुदान देतं असं ऐकते. मग मला ते कुठे आणि कसं मागायचं? तलाटी म्हणतात, खाजगी कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, एका घरासाठी वायर ओढणार नाही.

रावपुरा_१

वहिनी, तुमच्याकडे फाइव्ह-जी येत असेल तर छतावर अँटेना लावून मिळणारं वायफाय बघा. वायरची भानगडच नाही.

जोडकाम

एका दांडीवर छतावरच्या डब्याचा भरवसा धरू नका, वहिनी. फायबर ७०० मीटरवर आहे, त्याच्याच मागे लागा. मी वाघोडिया-सावली बाजूला फायबर जोडण्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणता ते अनुदान म्हणजे भारतनेट या सरकारी योजनेचं, आणि ते तुमच्या बँक खात्यात येणारं नाही. टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के लेव्ही कापली जाते आणि ती गावोगावच्या सेवेसाठीच्या निधीत जमा होते. पूर्वी त्याला यूएसओ फंड म्हणत, २०२३च्या दूरसंचार कायद्यापासून डिजिटल भारत निधी. त्यातून २०११मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, तिचंच पुढे भारतनेट झालं. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारच्या गुजरात फायबर ग्रिड कंपनीने केलं. म्हणजे पैसा खर्च झाला तो तालुक्यापासून पंचायतीपर्यंत. पंचायतीच्या भिंतीपासून तुमच्या ओसरीपर्यंतचा तुकडा बरीच वर्षं कोणाच्याच हिशेबात नव्हता. मला यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. खणायला कोट्यवधी आणि शेवटच्या हाताला काही नाही.

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, तो तुमच्या कामाचा आहे. त्यात पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या द्यायचं ठरलंय. घरापर्यंतच्या जाळ्याचा खर्च योजनेतून, गावातला उद्यमी जोडण्या सांभाळणार आणि मासिक बिलातला निम्मा वाटा त्याचा. शिवाय फायबर रिंगमध्ये टाकायचं आहे. आज एकच सरळ वायर असते, नळाच्या पाइपसाठी जेसीबी फिरला की पुढची सगळी गावं बंद. रिंग असली की एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा येतो. देखभालीचा पैसाही आधीच धरलाय, आणि माझ्या मते खणण्याइतकाच तोही महत्त्वाचा. वायर टाकून निघून जाणारे पुष्कळ असतात. रात्री पावसात जॉइंट उघडून बसायला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो.

सयाजीराव महाराजांच्या वेळी बडोदा संस्थानात गावोगाव वाचनालयं निघाली, तेव्हा गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत द्यायची आणि तेवढीच सरकार. गावाचा पैसा अडकलेला असायचा, म्हणून गावाचं लक्षही असायचं. फायबरलाही असंच हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एकट्याने अर्ज करू नका. तुमच्या वाटेवरची जितकी घरं बिल भरायला तयार आहेत त्यांच्या सह्या घ्या, ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि त्याची प्रत घेऊन फायबर ग्रिड आणि बीएसएनएल दोन्हीकडे जा. गावासाठी उद्यमी नेमलाय का, हे तिथेच विचारा. नसेल तर ई-ग्रामवाला मुलगा तयार होतो का बघा, पेटीची चावी नाहीतरी त्याच्याकडेच असते.

डभोईची_वहिनी

केवढं नीट सांगितलंत! आमच्या वाटेवर आठ घरं आहेत, सहा जण नक्की हो म्हणतील. पण ७०० मीटर जास्त नाही ना होत? आणि कालव्याचं काय?

जोडकाम

अंतराची काळजीच सोडा. हे तंत्र २० किलोमीटरपर्यंत चालतं, किलोमीटरमागे प्रकाश घटतो तो ०.३५ डेसिबलच्या आसपास. खरी घट स्प्लिटरमध्ये होते, म्हणजे एका वायरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीत. आठ घरांचा स्प्लिटर लावला की साधारण १० डेसिबल जातात. म्हणून वायर ओढण्याआधी पंचायतीच्या पेटीपाशी पॉवर मीटरने, म्हणजे वायरमधला प्रकाश मोजायच्या यंत्राने, रीडिंग घ्यायला लावा आणि ते लिहून मागा. घरच्या मोडेमपाशी हे रीडिंग उणे २७च्या खाली गेलं की रोजची कटकट.

कालव्यासाठी वायर पाण्यावरून लोंबकळत नेऊ देऊ नका. नाळ्याच्या, म्हणजे कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्याला पाइप लावून त्यातून न्यायची, त्याला कालवा खात्याची परवानगी लागते. विजेचे खांब वापरायचे तर वीज कंपनीचीही. दोन्ही अर्ज ठरावाबरोबरच टाका, नाहीतर वायर येऊन पडेल आणि कागदासाठी थांबावं लागेल.

आणि संध्याकाळी पंचायतीची खोली बंद करताना मेन स्विच पाडतात का, तेही बघून या. पेटीला रात्री वीज नसेल तर २० तारखेच्या रात्री तुमचं रिटर्न जाणार नाही. बॅटरी आणि वेगळी लाइन, हे दोन्ही ठरावातच लिहा.

डभोईची_वहिनी

मेन स्विच पाडतात, मी स्वतः पाहिलंय. बॅटरी आणि वेगळ्या लाइनचं ठरावात घालते. सरपंचबाईंशी उद्याच बोलते.