शब्दचर्चा: 'हार्डनेस ऑफ अ‍ॅप्रॉक्सिमेशन'ला मराठीत काय म्हणाल?

गणोबा: क्वांटम कॉम्प्युटिंगवर लेख लिहितोय. कॉम्प्लेक्सिटीला 'जटिलता' चालवून घेतलं, पण 'हार्डनेस ऑफ अ‍ॅप्रॉक्सिमेशन'पाशी गाडी अडली. म्हणजे अचूक उत्तर सोडाच, त्याच्या जवळपासचं काढणंही अवघड असणं. 'अंदाजाची काठिण्यता' कसं वाटतं?

शुद्धलेखक: 'काठिण्य' हेच भाववाचक नाम आहे, त्याला आणखी 'ता' कशाला? शिवाय काठिण्य दगडाचं, हिऱ्याचं. करायला अवघड ते 'दुष्कर'.

तिरपागडे: 'दुष्करता'ला +१. पण 'अंदाज' नकोच. अंदाज चुकला तर चुकला. इथे हमी द्यावी लागते. मॅक्स-थ्री-सॅट घ्या: चलांना हो-नाही अशा किंमती देऊन जास्तीत जास्त अटी पुऱ्या करायच्या. प्रत्येक अटीत तीन वेगवेगळी चलं, त्यांतलं एक जरी जमलं तरी अट पुरी. आता दर चलासाठी नाणं उडवा. अट फसायला तिन्ही नाणी उलटी पडावी लागतात, म्हणजे शक्यता १/८. डोकं न चालवता सरासरी ७/८ अटी खिशात! आणि गंमत म्हणजे सगळ्या अटी पुऱ्या होणं शक्य असलं, तरी ७/८ च्या वर किंचितही जाण्याची हमी देणं एनपी-हार्ड (म्हणजे झटपट रीत बहुधा नसलेलं) आहे, हे योहान होस्टाड यांनी १९९७ मध्ये दाखवलं. आपल्याला शब्द हवाय तो या 'किंचितही'साठी.

गणोबा: वा! पण माझा लेख क्वांटमचा. तिथेही असंच?

तिरपागडे: तिथेच तर घोडं अडलंय. पुष्कळ क्युबिट्स (क्वांटम बिट्स), ऊर्जेचं प्रत्येक पद त्यांतल्या मोजक्यांनाच जोडणारं. सगळ्यांची मिळून किमान ऊर्जा किती? हा लोकल हॅमिल्टोनियनचा प्रश्न क्यूएमए-कम्प्लीट असल्याचं अलेक्सी कितायेव यांनी सिद्ध केलं. म्हणजे योग्य क्वांटम अवस्था कुणी आणून दिली तर क्वांटम कॉम्प्युटर ती तपासेल; पण उत्तर स्वतः काढणं त्यालाही झेपणार नाही, असं मानतात. मात्र त्या सिद्धतेत चुकीची मुभा फार थोडी, क्युबिट्स वाढतील तशी आणखी आक्रसणारी. मुभा ऐसपैस दिली, म्हणजे दर पदामागे ठरावीक इतकी चूक माफ केली, तरी प्रश्न तेवढाच दुष्कर राहतो का? 'राहतो' म्हणणारं ते क्वांटम पीसीपी अनुमान (पीसीपी म्हणजे मोजक्याच जागा चाचपून पुरावा तपासण्याची कल्पना). अजून सुटलेलं नाही. २०२२ मध्ये अंशू, ब्रॉइकमान आणि निरखे यांनी एक पायरी गाठली: अशा प्रणाली असतात, जिथे किमानच्या आसपास ऊर्जा असलेली एकही अवस्था ठरावीक खोलीच्या (क्युबिट्स वाढले तरी तेवढ्याच पायऱ्यांच्या) क्वांटम सर्किटने बनवता येत नाही. अनुमान खरं ठरायला एवढं लागणारच होतं; पण तेवढ्याने भागत नाही.

शुद्धलेखक: मग 'मुभा' हाच शब्द धरा की! अ‍ॅप्रॉक्सिमेशनचं 'सन्निकटन' हिंदीवाल्यांना लखलाभ.

गणोबा: 'मुभा देऊनही दुष्कर'? शीर्षकाला जरा लांबलचक होतंय.

तिरपागडे: होऊ दे. पण 'क्वांटम'चं 'पुंज' करू नका; 'पुंज पीसीपी' वाचून निम्मे लोक पळतील.