मदत हवी आहे: सपाट भागात हिमनदीची जाडी भलतीच येते

नमस्कार. एका दरीतल्या हिमनदीच्या बर्फाची जाडी मी पृष्ठभागाच्या उतारावरून काढतो आहे. तळाशी कर्तन प्रतिबल (बर्फाच्या वजनामुळे तळावर उताराच्या दिशेने येणारा ताण) 100 किलोपास्कल, बर्फाची घनता 900 किलो प्रति घनमीटर आणि दरीच्या भिंतींच्या घर्षणासाठी 0.8 गुणक धरलाय. 10 अंश उताराला जाडी सुमारे 82 मीटर येते, ती पटते. पण 3 अंशांवर तीच 270 होते, आणि उतार त्याहून कमी झाला की आकडा फुगतच जातो. जिथे जाडी काढली त्या शेजारच्या दोन ठिपक्यांखाली खडकात एवढा खड्डा असेल असं मला वाटत नाही.

उताराची सरासरी घ्यायला हवी हे कळतं, पण किती अंतरावर? जाडीच्या काही पट घ्यावं म्हणतात, आणि इथे तर जाडीच शोधायची आहे! अंदाजे जाडीवरून अंतर ठरवून पुन्हा पुन्हा गणित केलं तर उत्तर स्थिरावतं का?

3 अंशांच्याच भागात रडारची एक रेषा आहे. तळाचा प्रतिध्वनी जाऊन-येऊन 2.4 मायक्रोसेकंदांनी परततो. बर्फात लहरीचा वेग 168 मीटर प्रति मायक्रोसेकंद धरला तर जाडी जेमतेम 200 मीटर. त्यावरून प्रतिबल 74 किलोपास्कल निघतं. हाच आकडा वरच्या तीव्र उतारालाही लावणं योग्य ठरेल का? कुणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.