मदत हवी आहे: षटकाराच्या चेंडूची समीकरणं, हवेच्या विरोधासह

नमस्कार मंडळी. मी पुण्यात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. "मॅडम, षटकाराचा चेंडू खरंच पॅराबोलात जातो का?" या प्रश्नाचं मुलांना आकड्यांनिशी उत्तर द्यायचंय.

विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या बरोब्बर उलट दिशेला धरलाय. म्हणून:

आडवं त्वरण = −क × व × आडवा वेग
उभं त्वरण = −ग − क × व × उभा वेग

ग म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, क म्हणजे हवेच्या विरोधाचा स्थिरांक आणि व म्हणजे एकूण वेग. व दोन्हीकडे येतो, त्यामुळे दोन्ही समीकरणं एकमेकांत गुंततात. (वेगाच्या आडव्या-उभ्या घटकांचे वेगवेगळे वर्ग घेणं मला पटत नाही, चेंडू उतरताना विरोधाचं चिन्हच चुकतं.)

चेंडू १६० ग्रॅम, व्यास ७.२ सेंमी, विरोध गुणांक ०.४५, पुण्याच्या उंचीवर हवेची घनता साधारण १.१ किलो प्रति घनमीटर. यावरून क येतो ०.००६३ प्रति मीटर. म्हणजे सेकंदाला ३५ मीटर वेग असताना विरोधाचं त्वरण ७.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाच्या पाऊण पटीहून जास्त!

आता अडलंय ते पुढे. एक्सेलमध्ये ऑयलरच्या पद्धतीने (छोट्या छोट्या वेळेच्या पावलांनी वेग आणि जागा पुढे सरकवत) ०.१ सेकंदाच्या पावलाला एक पल्ला येतो, ०.०१ ला दुसरा. पाऊल किती लहान घेतलं की पुरे? की थेट रुंग-कुट्टाच (अशीच पावलांची, पण जास्त अचूक पद्धत) शिकवावी? आणि शिवणीच्या चेंडूला गुणांक स्थिर धरणं कितपत चालेल? कोणी वर्गात हे करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.